जिंकायचंच, पण बेतानं: न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजचं १९५१ सालचं प्रकरण

१७ फेब्रुवारी १९५१, शनिवारची रात्र. फिलाडेल्फियात टेंपल विद्यापीठाला ९५-७१ असं लोळवून न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजचा बास्केटबॉल संघ आगगाडीनं घरी निघाला होता. वाटेत साध्या वेशातल्या पोलिसांनी प्रशिक्षक नॅट होलमन यांना बाजूला घेतलं आणि तुमच्या काही मुलांना चौकशीला न्यायचं आहे, असं सांगितलं. गाडी पेन स्टेशनला लागली. एड रोमन, एड वॉर्नर आणि अल रॉथ हे तिघं त्या रात्री घरी गेलेच नाहीत. चौकशीत तिघांनीही कबूल केलं की काही मॅच आम्ही पैसे घेऊन खेळलो.

तिघंही विशीतले. अकरा महिन्यांपूर्वी याच संघानं देशातल्या दोन्ही मोठ्या कॉलेज स्पर्धा एकाच वर्षी जिंकल्या होत्या. असा पराक्रम त्याआधी कुणी केला नव्हता आणि नंतरही कुणाला जमला नाही.

मी विद्यापीठाच्या संघातून बास्केटबॉल खेळलो आहे आणि आजही संध्याकाळी कोर्टवर मुलांना शिकवतो. अमेरिकेतल्या कॉलेज खेळांत आज जुगाराचा पैसा कसा शिरलाय याच्या बातम्या वाचल्या की माझं मन दर वेळी याच जुन्या प्रकरणाकडे जातं. त्यात सगळं आहे: गरिबी, खेळ, भरलेलं स्टेडियम, बुकी, दलाल, आणि मोठ्या माणसांनी सोयीनं मिटलेले डोळे. म्हणून ते नीट, सविस्तर मांडतो.

टेकडीवरचं फुकट कॉलेज

सिटी कॉलेज १८४७ साली स्थापन झालं. हार्लेमच्या उंचवट्यावर काळसर दगडाच्या इमारती आणि शिक्षण फुकट. त्या काळात अमेरिकेतली बडी खासगी विद्यापीठं ज्यू मुलांना मोजूनमापून प्रवेश देत. कृष्णवर्णीय मुलांसाठी तर दारं जवळपास बंदच होती. त्यामुळे ब्रुकलिन, ब्राँक्स, हार्लेममधल्या शिंप्यांची, रंगाऱ्यांची, दुकानात राबणाऱ्यांची हुशार मुलं इथे यायची. लोक त्याला गरिबांचं हार्वर्ड म्हणत.

१९५० च्या संघात तीच वस्ती कोर्टवर उतरली होती. मुख्य खेळाडूंत ज्यू आणि कृष्णवर्णीय मुलं: रोमन, रॉथ, आयर्विन डॅम्ब्रॉट, नॉर्म मेगर, वॉर्नर, फ्लॉइड लेन. त्या वेळच्या अमेरिकेत ही साधी गोष्ट नव्हती. केंटकी विद्यापीठाच्या संघात एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. त्याच केंटकीला सिटी कॉलेजनं न्यूयॉर्कच्या निमंत्रितांच्या स्पर्धेत ८९-५० असं उडवलं. पुढे अंतिम फेरीत, देशात पहिल्या क्रमांकावर असलेल्या ब्रॅडली विद्यापीठाला ६९-६१ असं हरवलं. दहा दिवसांनी, २८ मार्च १९५० ला, राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पुन्हा ब्रॅडलीच समोर आलं आणि पुन्हा हरलं, ७१-६८ असं. दोन्ही अंतिम सामने मॅडिसन स्क्वेअर गार्डन या न्यूयॉर्कच्या बंदिस्त स्टेडियममध्येच झाले. टेकडीवर वर्ग बंद पडले, पोरं रस्त्यावर नाचली. अनेक घरांत आईबापांना इंग्रजी धड येत नव्हतं, पण मुलाचा फोटो पेपरात कुठे छापलाय ते बरोबर कळत होतं.

खेळासाठी शिष्यवृत्ती मात्र नव्हती. फी माफ होती हे खरं, पण ती सगळ्यांनाच माफ होती. खेळाडूला वेगळं काही मिळत नव्हतं. राहायचं घरी, यायचं भुयारी रेल्वेनं, सराव करायचा, अभ्यास करायचा, आणि खिशात दोन पैसे हवे असतील तर कुठेतरी काम करायचं.

गार्डनचा गल्ला

आता दुसरं चित्र. नेड आयरिश नावाच्या आयोजकानं १९३४ च्या डिसेंबरात मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये एका रात्री कॉलेजांच्या दोन-दोन मॅच लावायला सुरुवात केली. मंदीचे दिवस होते, स्वस्तात करमणूक मिळत होती, आणि प्रेक्षक तुटून पडले. १९४० च्या दशकात गार्डनमध्ये अठरा हजार लोक कॉलेजच्या पोरांचा खेळ बघायला जमत. तिकिटांचा पैसा गार्डनला मिळे, वाटा कॉलेजांना मिळे, पेपरांना मजकूर मिळे. खेळणाऱ्याला काही द्यायचं नाही, हा नियम. त्याला ‘हौशी’ म्हणायचं आणि त्या शब्दातच त्याचं मानधन संपवायचं.

गार्डनच्या आवारात बुकी उघड फिरत. प्रेक्षकांतल्या कितीतरी जणांना कोण जिंकलं यापेक्षा कितीनं जिंकलं याची जास्त काळजी असे. मॅचचा निकाल केव्हाच लागलेला असताना शेवटच्या अर्ध्या मिनिटात कुणी एक साधी बास्केट केली की अख्खं सभागृह ओरडून उठे. कोर्टवरच्या मुलांना हे ऐकू येत नव्हतं असं कोण म्हणेल?

त्यांचे उन्हाळे कुठे जात तेही बघायला हवं. न्यूयॉर्कच्या उत्तरेला कॅटस्किल्सच्या डोंगरात ज्यू कुटुंबांची सुट्टीची हॉटेलं होती. चांगले खेळाडू तिथे वेटर, सामान उचलणारे पोरगे म्हणून कामाला राहत आणि संध्याकाळी हॉटेलांच्या संघांतून एकमेकांविरुद्ध खेळत. पाहुणे एकेक डॉलर काढून दोन्ही संघांचे मिळून किती गुण होतील यावर चिठ्ठ्या उचलत. आकडा लागला की बक्षीस, आणि जिंकणारा खूश होऊन पोरांना टीप देई. गुण कमीजास्त झाले की कुणाचा तरी फायदा होतो, हे त्यांनी पहिल्यांदा तिथे पाहिलं. तेव्हा तो निव्वळ गंमतीचा भाग होता. पण सवय अशीच लागते, आणि दलाल अशाच ठिकाणी ओळख काढतो.

फरकाचा भाव

इथे जरा थांबून सट्ट्याची तऱ्हा समजून घ्यायला हवी, कारण सगळं प्रकरण तिच्यावर उभं आहे.

समजा, सिटी कॉलेजचा संघ समोरच्यापेक्षा उघडच सरस आहे. नुसतं कोण जिंकणार यावर पैसे लावायचे म्हटले तर जो तो सिटीवरच लावणार, बुकीला समोरची बाजूच मिळणार नाही. म्हणून बुकी फरक ठरवतो. सिटी सहापेक्षा जास्त गुणांनी जिंकली तरच तिच्यावर लावणाऱ्याला पैसे. सहाच्या आत जिंकली किंवा हरली, तर विरुद्ध संघावर लावणारा कमावणार. यालाच पॉइंट स्प्रेड म्हणतात. हा प्रकार १९४० च्या दशकात रुजला आणि त्याचं श्रेय सहसा शिकागोच्या चार्ल्स मॅकनील यांना देतात, जे एके काळी गणित शिकवत. आपल्याकडे क्रिकेटच्या खाई-लगाईत भाव वरखाली करून दोन्ही बाजूंना गिऱ्हाईक आणतात. इथे तेच काम गुणांच्या फरकानं होतं.

या एका युक्तीनं लबाडीचा अर्थच बदलून टाकला. पूर्वी मॅच विकायची म्हणजे हरायचं, आपल्या माणसांसमोर, आपल्या कॉलेजच्या नावावर. ते कुठल्याही खेळाडूच्या जिवावर येतं. आता दलाल म्हणू शकत होता की तुला हरायला सांगतंय कोण? जिंक की. फक्त बेतानं जिंक. दहाऐवजी चारनं जिंक. कॉलेज जिंकलं, तू जिंकलास, तुझ्या खिशात हजार डॉलर आले, यात नुकसान कुणाचं झालं? एखाद्या जुगाऱ्याचं. त्याची तुला एवढी कसली पडलीय?

हा युक्तिवाद किती गुळगुळीत आहे ते पाहा. विशीतल्या मुलाला त्यात पटकन खोट दिसत नाही. अमेरिकेत याला गुण छाटणं म्हणतात. न्हाव्यानं केस थोडे कमी करावेत, इतका निरुपद्रवी शब्द.

पण खोट आहे, आणि ती खेळाच्या आतच आहे. मी एकदा ज्युनियर मुलांबरोबर सराव मॅच खेळताना आमच्या पाचजणांना सांगितलं होतं की जरा सैल खेळा, पोरांना हुरूप येऊ दे, शेवटी पाचसहानं जिंकू. आम्ही बचाव करताना अर्धं पाऊल मागे राहिलो. रिबाउंडला, म्हणजे कड्यावरून उसळलेल्या चेंडूला, उडी घेतली, पण मनापासून नाही. तिसऱ्या क्वार्टरला लक्षात आलं की मॅच हातात राहिलेली नाही. मग पेटून खेळायला गेलो तर हातच चालेना. पास अर्धा हात मागे पडू लागले, रोजचे शॉट कड्याला लागून बाहेर जाऊ लागले. आम्ही अकरानं हरलो. बास्केटबॉल अंगात भिनवलेल्या लयीवर चालतो. ती लय नळासारखी हवी तेवढी बंद करून पुन्हा हवी तेवढी सोडता येत नाही. आमच्या मॅचमध्ये एक पैसाही नव्हता, तरी ती संध्याकाळ मला अजून आठवते.

सिटी कॉलेजचं नेमकं हेच झालं. १९५०-५१ च्या हंगामात ज्या मॅचबद्दल रोमन, वॉर्नर आणि रॉथनं कबुली दिली त्या मिसुरी, ॲरिझोना आणि बॉस्टन कॉलेजविरुद्धच्या होत्या. सिटीनं तिन्ही गमावल्या. मिसुरीनं ५४-३७ असं हरवलं, ॲरिझोनानं ४१-३८ असं. बेतानं जिंकायला गेलेली पोरं सरळ हरून आली. लोक म्हणाले, दोन्ही करंडक डोक्यात गेले आणि पोरं सुस्तावली. खरं कारण फक्त त्या मुलांनाच ठाऊक होतं, आणि ते मनात ठेवून त्यांना रोज सरावाला जायचं होतं.

कुंडीतले पैसे

पैसा आला तो साल्वातोरे सोलाझो या जवाहिऱ्याकडून. हा आधी तुरुंगवास भोगून आलेला, सट्ट्याचा नाद असलेला, सेंट्रल पार्कच्या पश्चिमेला फ्लॅट असलेला माणूस. त्याची आणि खेळाडूंची गाठ घालून दिली एडी गार्डनं. गार्ड स्वतः लाँग आयलंड विद्यापीठाचा खेळाडू. कॅटस्किल्सच्या हॉटेलातल्या ओळखीतून तो सोलाझोचा माणूस झाला आणि मग एकेका मित्राला त्यानं सोलाझोच्या जेवणाच्या टेबलापर्यंत नेलं.

माझ्या मते प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा धागा हाच आहे. मुलांकडे काळा कोट घातलेला कुणी अनोळखी गुंड आला नव्हता. त्यांच्यासारखाच, त्यांच्याच वयाचा, त्यांच्याबरोबर ट्रे उचललेला, त्यांच्याविरुद्ध खेळलेला पोरगा आला होता. परक्याला हाकलता येतं. मित्राला ‘नाही’ म्हणायचं तर मैत्रीच पणाला लागते. आणि संघातले दोघं आधीच सामील असले, तर तिसऱ्याला गप्प राहूनही मॅच स्वच्छ ठेवता येत नाही. मग तो विचार करतो की आपण नाही घेतले तरी मॅच विकली जाणारच आहे, मग आपणच का कोरडं राहायचं? अटकेनंतरच्या चौकशीत हेही बाहेर आलं की सोलाझोच्या आधी, १९४९-५० च्या नियमित हंगामातही काही मॅच विकल्या गेल्या होत्या आणि त्यात मेगर, डॅम्ब्रॉट यांच्यासारखे करंडक जिंकून देणारे खेळाडू होते. दोन्ही स्पर्धांमधल्या मॅचवर मात्र आरोप झाला नाही.

एका मॅचचे माणशी हजार-दीड हजार डॉलरपर्यंत ठरत. १९५० साली तेवढ्यात साध्या कुटुंबाचे काही महिने निघत.

आणि त्या पैशाचं झालं काय? रोमन, वॉर्नर, रॉथ पकडले गेल्यावर कॉलेजातल्या मुलांनी फ्लॉइड लेनला डोक्यावर घेतलं. आपल्यात अजून एक स्वच्छ माणूस शिल्लक आहे, याच दिलाशावर सगळे तग धरून होते. थोड्याच दिवसांत त्यालाही कबुली द्यावी लागली. तो पोलिसांना ब्राँक्समधल्या घरी घेऊन गेला आणि आपल्या खोलीतल्या फुलझाडाच्या कुंडीतून त्यानं नोटा काढून दिल्या. २,८९० डॉलर. लाँग आयलंडचा शर्मन व्हाईट ब्रुकलिनच्या वायएमसीएत खोली घेऊन राहायचा. त्याच्या ड्रॉवरच्या मागच्या बाजूला चिकटवलेल्या पाकिटात ५,५०० डॉलर निघाले.

ही दोन ठिकाणं माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाहीत. ज्या गरजेपोटी पैसे घेतले त्या गरजेला ते लावताच आले नाहीत. नवा कोट घेतला तर आई विचारणार, हा कुठून आणलास? घरभाडं भरलं तर बाप विचारणार. आपल्या आईबापांना पोराच्या हातात अचानक आलेला पैसा जसा खटकतो, तसाच त्यांनाही खटकला असता. मग नोटा मातीत पुरायच्या, वर रोज पाणी घालायचं, आणि पुन्हा फाटक्या खिशानं भुयारी रेल्वे पकडायची.

केलॉगचं ‘नाही’

हे सगळं उघडकीला आणलं ते एका वेगळ्याच कॉलेजच्या खेळाडूनं. ज्युनियस केलॉग हा व्हर्जिनियातल्या पोर्ट्समथचा, मोठ्या गरीब कुटुंबातला मुलगा. सैन्यात नोकरी करून तो न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन कॉलेजात आला. शिष्यवृत्तीवर खेळणारा त्या कॉलेजचा तो पहिला कृष्णवर्णीय बास्केटबॉलपटू. उंची सहा फूट आठ इंच. खर्चासाठी कॉलेजजवळच्या एका आइस्क्रीमच्या दुकानात तो तासावर काम करायचा.

जानेवारी १९५१ मध्ये हँक पॉपी त्याला भेटायला आला. पॉपी म्हणजे आदल्याच वर्षीचा याच संघाचा सहकर्णधार. इथेही बाहेरचा कुणी नव्हता, घरचाच होता. देपॉल विद्यापीठाविरुद्धच्या मॅचमध्ये खेळ जरा ढिला कर, रिबाउंडला उशीर कर, हजार डॉलर घे, असा सौदा त्यानं मांडला.

केलॉग प्रशिक्षक केन नॉर्टन यांच्याकडे गेला आणि सगळं सांगून टाकलं. नॉर्टननी कॉलेजच्या प्रमुखांना सांगितलं, प्रकरण सरकारी वकील फ्रँक होगन यांच्या कचेरीत गेलं. पोलिसांच्या सांगण्यावरून केलॉगनं पॉपीला होकार दिल्याचं नाटक केलं आणि अंगावर यंत्र लपवून त्याचं बोलणं टिपून आणलं. १६ जानेवारीला गार्डनमध्ये मॅच झाली. केलॉग इतका बावरलेला होता की त्याला काही सुधरेना. आपली साधी चूकही कुणाला मुद्दाम केलेली वाटेल, ही धास्ती. त्याला बाहेर बसवावं लागलं. मॅनहॅटन जिंकलं, ६२-५९ असं. त्याच रात्रीपासून अटका सुरू झाल्या.

केलॉगची गोष्ट सांगताना त्याला देवपण देऊन मोकळं व्हायचा मोह होतो. मला त्यातली व्यवस्था जास्त दिसते. त्याच्याकडे जायला एक माणूस होता, आणि त्या माणसानं पोरा तू यात पडू नकोस, गप्प बस, असं सांगितलं नाही. तो ताबडतोब वर गेला. शिष्यवृत्तीवर आलेल्या, कॉलेजातल्या जवळजवळ एकट्या कृष्णवर्णीय मुलानं माजी कर्णधाराविरुद्ध तोंड उघडायचं म्हणजे केवढी जोखीम होती, याचा विचार करा. ऐकणारा तसा नसता तर त्या धैर्याचं मातेरं व्हायला वेळ लागला नसता.

सिटी कॉलेजच्या मुलांना असं जायला कोण होतं? होलमन हे १९२० च्या दशकातले नामांकित व्यावसायिक खेळाडू. खेळाचे पंडित, पण मुलांपासून अंतर राखून असणारे. तीन मॅचमध्ये आपले तीन मुख्य खेळाडू आपल्यासारखे खेळत नाहीत, हे त्यांच्या नजरेला दिसलं नसेल, हे मला पटत नाही. कोर्टच्या कडेला उभा राहणारा माणूस म्हणून सांगतो, अर्धं पाऊल मागे राहिलेला खेळाडू प्रशिक्षकाला दिसतोच. कारण वेगळं वाटू शकतं, प्रेमभंग, परीक्षा, आजारपण, पण दिसतं. मग निदान विचारायचं तरी.

वणवा

पुढचं थोडक्यात. केंटकीचे प्रशिक्षक ॲडॉल्फ रप छातीठोकपणे म्हणाले होते की माझ्या पोरांना हे जुगारी दहा फुटी काठीनंही शिवू शकत नाहीत. ऑक्टोबर १९५१ मध्ये त्यांचे ॲलेक्स ग्रोझा, राल्फ बेअर्ड आणि डेल बार्नस्टेबल पकडले गेले. ग्रोझा आणि बेअर्ड १९४८ च्या लंडन ऑलिंपिकचे सुवर्णपदक विजेते. बेअर्डनं आयुष्यभर सांगितलं की मी ७०० डॉलर घेतले, मॅच कधी सोडली नाही. त्या ७०० डॉलरवर त्याची व्यावसायिक कारकीर्द तेविशीत संपली. होगन यांच्या कचेरीनं अखेर १९४७ ते १९५० या काळातल्या ८६ मॅच, ३२ खेळाडू आणि सात कॉलेजं असा हिशेब मांडला. त्यात अजिंक्य सिटीपुढे दोनदा हरलेलं ब्रॅडलीही होतं.

शिक्षा कुणाला

नोव्हेंबर १९५१ मध्ये न्यायमूर्ती सॉल स्ट्राइट यांनी न्यूयॉर्कच्या खेळाडूंना शिक्षा सुनावल्या. सोलाझोला आठ ते सोळा वर्षं. खेळाडूंपैकी बहुतेकांच्या शिक्षा स्थगित झाल्या. रॉथनं सैन्यात जायचं कबूल केल्यावर त्याचे सहा महिने माफ झाले. प्रत्यक्ष तुरुंगात गेले ते दलालीत उतरलेला गार्ड, सहा महिन्यांसाठी वॉर्नर, आणि एका वर्षाची शिक्षा झालेला शर्मन व्हाईट. यातले वॉर्नर आणि व्हाईट कृष्णवर्णीय होते.

व्हाईट मॅचमागे सरासरी २७.७ गुण करत होता. न्यूयॉर्क निक्स हा व्यावसायिक संघ त्याला घेणार हे जवळपास ठरलेलं. तो रायकर्स बेटावरच्या तुरुंगात आठ महिने चोवीस दिवस राहिला. एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगनं या प्रकरणातल्या सगळ्यांना कायमचं बाहेर ठेवलं. ज्या गार्डनमध्ये त्याच्या नावावर तिकिटं खपली, तिथे त्याला पुन्हा कधी खेळता आलं नाही.

स्ट्राइट यांनी निकालात कॉलेजांवरही कडक ताशेरे ओढले. खेळाचा धंदा केलात, प्रवेशाचे नियम वाकवलेत, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. सिटी कॉलेजात काही खेळाडूंच्या शाळेच्या गुणपत्रिकांमध्ये फेरफार झाल्याचं चौकशीत बाहेर आलंच होतं. म्हणजे मुलांनी कागदावरची पहिली लबाडी पाहिली ती कॉलेजच्या दारातच, मोठ्यांनी केलेली. पण ताशेऱ्यांनी कुणी तुरुंगात जात नाही. होलमन १९५२ मध्ये निलंबित झाले आणि १९५४ मध्ये परत आले. लाँग आयलंड विद्यापीठानं १९५७ पर्यंत खेळच बंद केले. त्यांचे प्रशिक्षक क्लेअर बी एनबीएतल्या बाल्टिमोरच्या संघाकडे गेले. केंटकीला एक हंगाम बाहेर बसावं लागलं. रप त्यानंतर वीस वर्षं तिथेच होते. नेड आयरिशची निक्सवरची सत्ता अबाधित राहिली.

मुलांनी चूक केली, यात मला शंका नाही. गार्डनमध्ये पैसे मोजून आलेल्या प्रेक्षकाला, स्वच्छ खेळणाऱ्या सहकाऱ्यांना आणि टेकडीवरच्या हजारो पोरांना त्यांनी फसवलं. ते गरीब होते हे कारण आहे, सबब नाही. केलॉगही गरीबच होता. पण चूक मोजायचीच तर सगळ्यांची एकाच तराजूत मोजा. ज्या नियमानं मुलाला एक डॉलर घेणं हा गुन्हा ठरत होता, त्याच नियमाखाली त्याच्या घामावर संस्था चालत होत्या. ते दहा वर्षांत पुन्हा सिद्ध झालं. १९६१ मध्ये याहून मोठं प्रकरण फुटलं, आणि कॉनी हॉकिन्ससारख्या कोवळ्या पोरावर काहीही सिद्ध न होता एनबीएचं दार कित्येक वर्षं बंद राहिलं. मुलं बदलली होती, रचना तीच होती.

आजची बाजू

१९५१ मध्ये बुकीला गार्डनच्या आवारात यावं लागायचं. मे २०१८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं खेळांवरच्या सट्ट्यावरची केंद्रीय बंदी उठवली. त्यानंतर तीसहून अधिक राज्यांनी तो कायदेशीर केला, आणि बुकी फोनमध्ये येऊन बसला. आता फरकावरच नव्हे, एकट्या खेळाडूच्या रिबाउंडवर, त्याच्या तीन गुणांच्या शॉटवरही पैसे लागतात. म्हणजे गुण छाटायला सहकाऱ्यांचीही गरज उरली नाही. २०१३ च्या आयपीएल प्रकरणानंतर स्पॉट-फिक्सिंग हा शब्द आपल्या घराघरांत पोचला, त्याचंच हे कॉलेजातलं रूप. कॉलेज खेळांच्या राष्ट्रीय संघटनेचे अध्यक्ष चार्ली बेकर यांनी मार्च २०२४ मध्ये कॉलेज खेळाडूंवरचे असे वैयक्तिक सट्टे बंद करा, अशी राज्यांना हाक दिली. हरलेला जुगारी आता थेट एकोणीस वर्षांच्या मुलाच्या इनबॉक्समध्ये शिव्या घालतो, हेही त्यामागचं एक कारण.

पैशाच्या बाजूनं मात्र एक बांध फुटला. जून २०२५ मध्ये न्यायालयानं मंजूर केलेल्या तडजोडीनंतर विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, पहिल्या वर्षी एका विद्यापीठाला मिळून २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. चौऱ्याहत्तर वर्षं लागली. पण मोठा वाटा मोठ्या विद्यापीठांच्या फुटबॉल आणि बास्केटबॉलच्या नावाजलेल्या खेळाडूंकडे जातो. छोट्या कॉलेजातला, टीव्हीवर न दिसणारा, पण ज्याच्या मॅचवरही ॲप भाव लावतं असा मुलगा आजही लेनच्याच जागी उभा आहे.

आपली कितीतरी मुलं दरवर्षी तिथल्या विद्यापीठांत शिकायला जातात. वसतिगृहात त्यांच्या शेजारच्या खोलीत असा एखादा खेळाडू राहतो, वर्गात बाजूला बसतो. त्याचा घोटा सुजलाय का, उद्या तो खेळणार का, ही साधी चौकशीही तिथे आता विकली जाणारी माहिती आहे. तिकडे जाणाऱ्या आमच्या कोर्टवरच्या मुलांना मी हे आवर्जून सांगतो. सौदा मित्राच्या तोंडून येतो, हे गार्ड आणि पॉपीनं दाखवलंच आहे.

लेन आणि केलॉग

केलॉग पुढे हार्लेम ग्लोबट्रॉटर्स या प्रदर्शनी सामने खेळणाऱ्या संघाकडून खेळला. १९५४ मध्ये प्रवासात मोटार उलटून त्याच्या मणक्याला इजा झाली आणि तो व्हीलचेअरवर आला. तिथूनही त्यानं व्हीलचेअर बास्केटबॉलचे संघ घडवले.

फ्लॉइड लेननं सैन्यातली नोकरी केली, मग ब्राँक्सच्या वस्तीतल्या पोरांना वर्षानुवर्षं खेळ शिकवला. १९७४ साली सिटी कॉलेजनं त्याला परत बोलावलं, आपल्या संघाचा प्रशिक्षक म्हणून. गार्डनशी संघाचा संबंध केव्हाच संपला होता. मॅच टेकडीवरच्या कॉलेजच्या जिममध्ये व्हायच्या, समोर बसायचे ते वर्गमित्र आणि काही घरचे लोक. कुठल्याही बुकीनं त्या मॅचवर कधी भाव लावला नाही.